ताराबाई मोडक आणि खराट्याच्या काड्या

माझी धाकटी बहीण आपल्याच शाळेत दुसरीत आहे. बेरीज तिला येते, पण वजाबाकी म्हटली की ती पाटी पालथी घालते. दिवाळीच्या सुट्टीत मी तिला ५२ वजा २७ हे गणित घातलं. तिनं उत्तर लिहिलं ३५. मी म्हटलं चूक. पुन्हा ३५. तिसऱ्यांदाही ३५ आलं, तेव्हा मी तिच्या पाठीत धपाटा घातला. ती रडली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून माझ्याजवळ अभ्यासाला बसेना.

सुट्टीनंतर बाईंनी आम्हाला भित्तिपत्रकासाठी एकेका थोर व्यक्तीची माहिती लिहायला सांगितली. माझ्या वाट्याला ताराबाई मोडक आल्या.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईला झाला. माहेरचं आडनाव केळकर. त्या काळी मुलींनी चार बुकं शिकणंही कठीण, पण ताराबाई १९१४ साली बी. ए. झाल्या. लग्नानंतर त्या अमरावतीला गेल्या. संसारात त्यांना सुख लाभलं नाही, तरी त्या खचल्या नाहीत. राजकोटला मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजात त्या प्राचार्य झाल्या. तो मान आणि पगार सोडून १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात आल्या. गिजुभाई आधी वकील होते. इटलीतल्या मारिया माँटेसरी यांची शिकवण्याची पद्धत त्यांनी आपल्याकडे आणली. या पद्धतीत मूल आधी मणी, दांड्या हातात घेऊन मोजतं आणि मग आकडा शिकतं. छडी नाही, ओरडणं नाही.

१९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केलं. पण माँटेसरीची साधनं महागडी. ती खेड्यातल्या मुलांना कुठून मिळणार? हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. म्हणून १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. तिथं अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. विकतच्या साधनांऐवजी त्यांनी शिंपले, बिया, पानं, खडे, काड्या हीच साधनं केली. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसलं, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. आज गावोगावी अंगणवाड्या आहेत. सरकारची योजना १९७५ साली आली, पण ताराबाईंनी ते काम तीस वर्षं आधीच सुरू केलं होतं.

१९५७ साली त्या डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर गेल्या आणि आदिवासी मुलांसाठी काम करू लागल्या. काही मुलं गुरं राखायला जात, त्यांना शाळेत येणं जमेना. मग शाळा कुरणावर गेली. तिचं नाव कुरणशाळा. १९६२ साली सरकारनं त्यांना पद्मभूषण दिलं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई वारल्या. पुढचं काम अनुताईंनी चालवलं.

हे वाचताना मला सारखी बहिणीची पाटी आठवत होती. तिनं ३५ कसं काढलं ते मी कधी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी विचारलं. वरच्या दोनातून सात जात नाहीत, म्हणून तिनं सातातूनच दोन काढले होते! म्हणजे ती आळशी नव्हती. तिला वाट सापडत नव्हती, एवढंच.

मी आजीच्या जुन्या खराट्याच्या काड्या तोडून घेतल्या. दहा-दहाच्या पाच जुड्या दोऱ्यानं बांधल्या आणि दोन काड्या सुट्या ठेवल्या. झाले ५२. तिला म्हटलं, यातून सत्तावीस मला दे. तिनं दोन सुट्या काड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हळूच एका जुडीचा दोरा सोडला. आता सुट्या झाल्या बारा. त्यातल्या सात दिल्या, पाच उरल्या. जुड्या चार राहिल्या होत्या, त्यातल्या दोन दिल्या, दोन उरल्या. पंचवीस! दोरा सोडायला मी सांगितलं नव्हतं, तिचं तिनंच ओळखलं. मग तीच वजाबाकी आम्ही पाटीवर लिहिली.

नंतर मी तिची माफी मागितली. मोठ्या भावाला ते जड जातं, पण मागितली.

पालकांनो, तुमच्या घरीही काड्या, चिंचोके, मक्याचे दाणे असतीलच. उत्तर चुकलं तर आधी मुलाला विचारा, कसं केलंस. धपाटा घातला की गणित येत नाही, मूल मात्र लांब जातं. मी घालून बघितला आहे.