अहिंसेचा उरलेला भाग : अप्पासाहेब पटवर्धन यांचे चरित्र

पारध्यांच्या कुत्र्यांनी पाठीस लागून दमविलेला ससा सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या जानूखाली शिरला आणि स्वामींनी त्यास अभय दिले, ही लीळा परमार्गात सर्वश्रुत आहे. तिचे निरूपण बहुधा मांसवर्जनापाशी थांबते. वस्तुतः हिंसा कृत, कारित आणि अनुमोदित अशी त्रिविध होय. स्वहस्ते न मारणारा व न खाणाराही, दुसऱ्याने केलेल्या वधाचे फळ वापरीत असेल, तर तो त्या दोषातून सुटत नाही. हा विचार आचरणात उतरविणारे एक पुरुष दक्षिण कोकणात होऊन गेले. ते पंथाचे अनुयायी नव्हते. तथापि त्यांचे चरित्र साधकांनी मनन करण्याजोगे आहे.

सीताराम पुरुषोत्तम तथा अप्पासाहेब पटवर्धन यांचा जन्म १८९४ साली रत्नागिरी जिल्ह्यात ब्राह्मण कुळात झाला. उच्च शिक्षण संपादूनही त्यांनी प्रपंचाचा मार्ग सोडला व साबरमतीस महात्मा गांधींचा सहवास स्वीकारला. गांधींची आत्मकथा मराठीत आणिली ती त्यांनीच. १९३० साली वेंगुर्ल्याजवळील शिरोडे येथे मिठाचा सत्याग्रह झाला, त्यात ते अग्रभागी होते. पुढे रत्नागिरीच्या तुरुंगात असता शौचकूपांच्या सफाईचे काम आपणांस द्यावे अशी त्यांनी मागणी केली. ते काम जातीने ठरलेले असल्याने मागणी नाकारली गेली. तेव्हा त्यांनी अन्नाचा संकोच केला. त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधींनीही डिसेंबर १९३२ मध्ये उपोषण आरंभिले. ज्या कामास समाज हीन मानतो ते आपण करावे, ही त्यांची निष्ठा येथेच स्पष्ट झाली.

या निष्ठेचा जनावरांशी असलेला संबंध लक्षात घेतला पाहिजे. कोकणातील शेतकरी गायीचे दूध घेई, बैलाकडून भाताचे कुणगे नांगरून घेई. पण तेच जनावर गोठ्यात मेले की त्यास कोणी शिवत नसे. ते ओढून नेणे हे महार समाजावर लादलेले काम होते, आणि दारिद्र्यामुळे मृतमांस खाण्याचा प्रसंगही त्यांच्यावर येई. त्यावरून त्यांनाच पुन्हा अपवित्र ठरविले जाई. मार्च १९२७ मध्ये महाड येथील परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृतमांस सोडण्याचा उपदेश केला. स्वाभिमानाने हे कामही सोडले जाऊ लागले. मग प्रश्न उभा राहिला की, मेलेल्या जनावराचे करावयाचे काय, आणि कोणी? अप्पासाहेबांनी याचे उत्तर शब्दांनी दिले नाही. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या त्या पुरुषाने सुरी हाती घेतली व मृत जनावरे फाडण्याचे काम स्वतः केले.

१९४८ साली त्यांनी कणकवली येथे गोपुरी आश्रम स्थापिला. तेथे सोनखत, सुधारित संडास यांबरोबर मृत जनावरांचे शवच्छेदन व चर्मोद्योगही चालत. हे काम कौशल्याचे आहे. कोकणच्या दमट हवेत उशीर झाला तर कातडे कुजते. सोलताना छेद गेला तर त्याचे मोल उतरते. हाडांचे व मांसाचे खत होते. असे सर्व अवयव उपयोगी पडले, तर नैसर्गिक मरणाने मेलेल्या जनावरासही किंमत येते, आणि त्याला जिवंतपणीच खाटकास विकण्याचा मोह तितका उणा होतो. वर्ध्याजवळ नालवाडीच्या चर्मालयातही हाच हेतू होता. कत्तल झालेल्या पशूच्या कातड्याची वहाण पायी घालून अहिंसेचा उपदेश करणे, ही विसंगती या उद्योगाने दाखवून दिली.

येथे शाकाहारी मनुष्यालाच प्रश्न आहे. गाय दूध देण्यासाठी वासरू व्हावे लागते. त्यांतील निम्मे नर असतात. नांगर यंत्राचा झाला की त्यांचे काम संपते. गायही आटते, परंतु पुढे काही वर्षे जगते. तेव्हा दूध पिणाऱ्याने तिच्या वार्धक्याचा भार न उचलता केवळ मांस खाणाऱ्यास दोष द्यावा, हा न्याय नव्हे. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गायीच्या व २०१५ मधील दुरुस्तीने बैलांच्याही कत्तलीस बंदी झाली. कायदा सुरी थांबवू शकतो. चारा घालू शकत नाही. मालवणच्या किनाऱ्यावर मासळी हेच ज्यांचे अन्न व उपजीविका, त्या कष्टकऱ्यांस बोल लावण्यापूर्वीही आपल्या गोठ्याकडे पाहणे उचित होय.

१० मार्च १९७१ रोजी अप्पासाहेबांचा देह पडला. पुढे दहा वर्षांनी, १९८१ साली, त्यांची ही कर्मभूमी सिंधुदुर्ग जिल्हा म्हणून वेगळी झाली. गोपुरी आश्रम आजही कणकवलीत आहे.

तात्पर्य, मांसवर्जन हे अहिंसेचे प्रथम पाऊल होय, समाप्ती नव्हे. ज्या जीवाकडून आपण घेतले, त्याचे म्हातारपण व मरण यांची जबाबदारी आपलीच. आणि ती जबाबदारी वाहणाऱ्या मनुष्यास हीन लेखणे, हीदेखील हिंसाच होय. सशाला अभय देणाऱ्या स्वामींनी माणसामाणसांतील विटाळही मानला नाही. या दोन गोष्टी भिन्न नाहीत, हे जाणणे हाच या चरित्राच्या मननाचा लाभ.