आत्याचा ‘स्वीट’ आणि हॅम्बुर्गचा आल्बर्ट बालीन

मागच्या दिवाळीत आमच्या आत्याचा फोन आला. आत्या आणि काका लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाला क्रूझवर जाणार होते. एजंटने पुढ्यात जहाजाचा नकाशा टाकला होता. सगळ्यात वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या टोकाला, मोठ्ठी बाल्कनी असलेला ‘सूट’ (आत्याला एजंटने बजावलं होतं की त्याला ‘स्वीट’ म्हणायचं!) की मधल्या मजल्यावरची साधी केबिन? भाचा इंजिनियर होणार आहे, म्हणजे त्याला हे ठाऊक असणारच, असा आत्याचा ठाम समज. घरच्या मिक्सरपासून जहाजापर्यंत सगळं आपल्यालाच कळतं, असं नातेवाईकांना का वाटतं कोण जाणे!

मी म्हटलं, दोन दिवसांनी सांगतो. आणि सबमिशन बाजूला ठेवून शोधायला बसलो. शोधता शोधता जो माणूस सापडला त्याने मला सबमिशनच काय, जेवणही विसरायला लावलं. ‘टायटॅनिक’ पिक्चर आपण सगळ्यांनी चार-चार वेळा पाहिलाय. पण समुद्रावर केवळ मजेसाठी, परत त्याच बंदरात येण्यासाठी जायचं, ही कल्पना ज्याने धंदा म्हणून उभी केली त्या आल्बर्ट बालीनचं नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय?

बालीनचा जन्म 15 ऑगस्ट 1857 चा, जर्मनीतल्या हॅम्बुर्ग बंदरातला. घर ज्यू, मोठ्या कुटुंबातलं हे शेंडेफळ. वडिलांची भागीदारीत एक छोटी एजन्सी होती. काम काय, तर अमेरिकेला कायमचं निघालेल्या गरीब लोकांना बोटीची तिकिटं विकणं. 1874 मध्ये वडील वारले तेव्हा आल्बर्ट सतरा वर्षांचा होता. म्हणजे आपल्याकडे पोरं बारावीच्या क्लासला जातात त्या वयात हा गल्ल्यावर बसला. ना डिग्री, ना डिप्लोमा. पण आकडेमोड पक्की आणि डोळे उघडे.

1880 नंतर त्याने कार नावाच्या एका जहाजमालकाशी करार केला. मालक मालवाहू बोटी अमेरिकेला धाडणार, जाताना त्यात बालीन माणसं भरणार, येताना बोट माल घेऊन परतणार. म्हणजे दोन्ही फेऱ्या भरलेल्या! या बोटींवर श्रीमंतांचा वर्गच नव्हता, त्यामुळे गरीब प्रवाशाला अख्ख्या डेकवर मोकळं फिरता येई. इतर बोटींवर हीच माणसं तळाच्या कोंदट भागात, म्हणजे स्टीअरेजमध्ये, अडकून पडायची. भाडं कमी आणि हवा जास्त, मग गर्दी कुणाकडे होणार? हॅम्बुर्गची सर्वात मोठी कंपनी ‘हापाग’ या स्पर्धेने मेटाकुटीला आली. शेवटी 1886 मध्ये तिने सरळ बालीनलाच आपल्या प्रवासी विभागाचा प्रमुख करून घेतलं. 1899 मध्ये तो अख्ख्या कंपनीचा सर्वेसर्वा झाला आणि त्याच्या काळात हापाग जगातली सर्वात मोठी जहाज कंपनी बनली.

आता आत्याच्या विषयाकडे येऊ. हापागने नव्या वेगवान बोटी बांधल्या. त्यातली ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ 1889 मध्ये धावू लागली. दोन प्रोपेलर, दिमाखदार सजावट. पण हिवाळ्यात उत्तर अटलांटिक म्हणजे वादळं, थंडी आणि धुकं. हौसेने कोण जाणार? एवढी महागडी मशिनरी महिनोन्महिने बंदरात पडून. आपल्या भाषेत सांगायचं तर कपॅसिटी युटिलायझेशनचा प्रश्न. बालीनने उत्तर काढलं की बोट थंडीतून काढायची आणि उन्हात न्यायची. श्रीमंतांना भूमध्य समुद्राची सैर घडवायची, तीच खोली, तेच जेवण, रोज नवं बंदर. सहकाऱ्यांना हा वेडेपणा वाटला. पण 22 जानेवारी 1891 ला ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ 241 प्रवासी घेऊन कुक्सहाफेनहून निघाली. स्वतः बालीन आणि त्याची बायको मारियाना बोटीवर होते. जवळजवळ दोन महिने ही मंडळी इजिप्त, पॅलेस्टाईन, कॉन्स्टँटिनोपल, ग्रीस, इटली करत फिरली. अशा सहली त्याआधीही तुरळक झाल्या होत्या. पण एवढ्या मोठ्या बोटीवर, एवढ्या थाटात आणि दरवर्षी नियमाने करायची गोष्ट म्हणून ती रुजली ती बालीनमुळे.

मग त्याच्या लक्षात आलं की अटलांटिकसाठी बांधलेली बोट सहलीला नीट चालत नाही. उन्हाच्या देशात उघडा डेक हवा आणि सगळ्या खोल्या एकाच दर्जाच्या हव्यात. म्हणून त्याने हॅम्बुर्गच्या ब्लोम उंड फॉस गोदीत ‘प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुईसे’ बांधून घेतली. केवळ सहलीसाठी बांधलेलं हे पहिलं जहाज मानतात. 1900 मध्ये ते पाण्यात उतरलं. 120 केबिन, सगळ्या फर्स्ट क्लास. व्यायामशाळा, ग्रंथालय, हौशी फोटोग्राफरांसाठी डार्करूमसुद्धा. दुर्दैवाने डिसेंबर 1906 मध्ये जमैकाला किंगस्टनजवळ कप्तानाने दीपगृह ओळखण्यात चूक केली आणि जहाज खडकावर चढलं. प्रवासी सगळे वाचले. कप्तानाने मात्र स्वतःवर गोळी झाडून घेतली. एका चुकीच्या रीडिंगची किंमत!

मेकॅनिकलवाल्यांसाठी खास गोष्ट पुढे आहे. 1900 मध्येच हापागने ‘डॉइचलँड’ ही सुमारे 23 नॉट्स वेगाची बोट काढली. अटलांटिक सर्वात जलद ओलांडल्याचा मान तिने पटकावला. पण तिची प्रचंड पिस्टन इंजिनं अशी हादरे देत की मागच्या भागातल्या प्रवाशांची हाडं खिळखिळी व्हायची. 1902 मध्ये तर मागचा भाग तुटून सुकाणूच गेलं. बालीनने धडा घेतला. लोक बोटीवर चार तास वाचवायला येत नाहीत, चार रात्री सुखाने झोपायला येतात. वेगाची शर्यत त्याने इतरांना सोडली आणि आपण आकार आणि आराम यांच्या मागे लागला. त्याच ‘डॉइचलँड’ला पुढे इंजिनांची ताकद कमी करून, पांढरा रंग देऊन, 1911 मध्ये ‘व्हिक्टोरिया लुईसे’ या नव्या नावाने सहलीची बोट केलं. वेग गेला, हादरे गेले आणि बोट चालली!

1905 च्या ‘अमेरिका’ बोटीसाठी बालीनने लंडनच्या कार्लटन हॉटेलमागची माणसंच उचलली. सजावटीला वास्तुकार शार्ल मेवेस, आणि जेवणाला रिट्झ-कार्लटन नावाचं रेस्टॉरंट, जिथे ठरलेल्या वेळी ठरलेलं ताट न घेता हवं तेव्हा हवं ते मागवता येई. शिवाय प्रवाशांसाठी लिफ्ट. आज क्रूझच्या जाहिरातीत जे जे दिसतं त्याची मुळं इथे आहेत. आणि तो नुसता ऑफिसात बसून हे करत नव्हता. आपल्याच बोटीतून फिरायचा, वही काढायचा आणि लिहीत बसायचा. उशी लहान आहे, टोस्ट गार येतो, लोण्याची बशी पुरत नाही. एवढ्या मोठ्या कंपनीचा मालकासारखा माणूस गार टोस्टची नोंद करतो, हे वाचून मला आमच्या मेसच्या कॉन्ट्रॅक्टरची फार आठवण झाली.

पण या थाटामाटाच्या खाली काय होतं, तेही पाहायला हवं. कंपनीचा मोठा आधार वरचे ‘स्वीट’ नव्हते, तळातली गरीब माणसं होती. रशिया, पोलंडमधून दंगलींना आणि उपासमारीला कंटाळून निघालेली. 1892 मध्ये हॅम्बुर्गला कॉलरा झाला, आठ हजारांहून जास्त माणसं मेली. लोकांनी बोट दाखवलं ते या परक्यांकडे. खरं तर शहर नदीचं न गाळलेलं पाणी पीत होतं. शेजारच्या आल्टोनात वाळूतून गाळलेलं पाणी होतं, तिथे साथ पसरली नाही. (सिव्हिलवाल्यांनो, कॉलर ताठ करा.) बालीनने पुढे फेडेल बेटावर या लोकांसाठी अख्खी वसाहतच बांधली. 1901 मध्ये ती सुरू झाली. झोपायला स्वच्छ खोल्या, जेवण, डॉक्टर, ज्यूंसाठी वेगळं स्वयंपाकघर, प्रार्थनेची जागा. यात धंदा होताच, कारण आजारी माणसाला अमेरिका परत पाठवायची आणि खर्च कंपनीच्या अंगावर यायचा. पण माणुसकी आणि धंदा एकत्र नांदू शकतात हेही त्यातून दिसलं.

त्याचं सर्वात मोठं स्वप्न म्हणजे तीन महाकाय जहाजं. पहिलं ‘इम्पेराटोर’, मे 1912 मध्ये, टायटॅनिक बुडाल्यावर पाचच आठवड्यांनी पाण्यात उतरलं. 52,000 टनांहून मोठं. आत पॉम्पेईच्या धर्तीवर दोन मजली पोहण्याचा तलाव, हिवाळी बाग, आणि खास दोन शाही स्वीट, स्वतःच्या व्हरांड्यासह. वर फर्स्ट क्लासचे सुमारे 900, खाली स्टीअरेजचे 1700 च्या वर. पण 1913 मध्ये ते धावू लागलं आणि एक भानगड उघडी पडली. जहाज एका बाजूला कललं की सरळ व्हायला फार वेळ घ्यायचं. कारण? संगमरवरी न्हाणीघरं, जड लाकडी फर्निचर, उंच धुराडी, सगळा थाट वरच्या मजल्यांवर! आठवा ते गुरुत्वमध्य आणि मेटासेंटर. वरचं वजन वाढलं की गुरुत्वमध्य वर सरकतो, दोघांतलं अंतर कमी होतं आणि जहाज झोकांड्या खात डोलतं. शेवटी त्याच हिवाळ्यात धुराडी तीन मीटर कापली, संगमरवर काढला, जड फर्निचरच्या जागी वेताच्या खुर्च्या आल्या आणि तळात 2000 टन सिमेंट ओतलं. श्रीमंती वर चढवायची तर तळ तेवढा भक्कम हवा.

ही गोष्ट फक्त जहाजाची नाही असं मला वाटतं. बालीनच्या आयुष्याचंही तेच झालं. सम्राट कैसर विल्हेल्म त्याच्या घरी यायचा, त्याच्याशी गप्पा मारायचा. पण दरबारातले लोक पाठीमागे त्याच्या ज्यू असण्यावरून टोमणे मारत. बायको ख्रिश्चन होती, धर्म बदलला असता तर वाट सोपी झाली असती. त्याने बदलला नाही. जर्मनी आणि इंग्लंड युद्धनौकांच्या शर्यतीत उतरले तेव्हा त्याला कळलं की याचा शेवट वाईट आहे. ज्याचं पोट खुल्या समुद्रावर त्याला युद्ध कसं परवडणार? त्याने लंडनमधल्या अर्नेस्ट कासेल या मित्राबरोबर समेटाचा प्रयत्न केला. त्यातूनच 1912 मध्ये ब्रिटिश मंत्री हॉल्डेन बर्लिनला आला. बोलणी फिसकटली. जुलै 1914 मध्ये बालीन पुन्हा लंडनला जाऊन ग्रे, हॉल्डेन, चर्चिल यांना भेटला. आठवड्याभरात महायुद्ध पेटलं.

त्याचं दुसरं महाकाय जहाज ‘फाटरलँड’ न्यूयॉर्कच्या बंदरात अडकलं. तिसरं ‘बिस्मार्क’ गोदीतच अर्धवट राहिलं. बाकीची जहाजं कुठे बुडाली, कुठे जप्त झाली, कुठे गंजत पडली. चार वर्षं तो हे बघत राहिला. पाणबुड्यांच्या बेलगाम युद्धाला त्याने विरोध केला, कुणी ऐकलं नाही. 9 नोव्हेंबर 1918 ला कैसरने गादी सोडल्याची घोषणा झाली. त्याच दिवशी हॅम्बुर्गमध्ये बालीन झोपेच्या औषधाचा मोठा डोस घेतल्याने गेला. वय 61. तिन्ही महाकाय जहाजं शत्रूराष्ट्रांकडे गेली आणि ‘बेरेंगेरिया’, ‘लेव्हायथन’, ‘मॅजेस्टिक’ अशा नव्या नावांनी धावली.

मेल्यावरही सुटका नव्हती. 1923 मध्ये कंपनीने एका नव्या जहाजाला त्याचं नाव दिलं, ते 1935 मध्ये नाझींच्या काळात पुसून ‘हान्सा’ केलं गेलं. महायुद्ध संपल्यावर 1947 मध्ये हॅम्बुर्गने तळ्याकाठच्या एका रस्त्याला ‘बालीनडाम’ नाव दिलं. आणि 2007 पासून फेडेलच्या त्या वसाहतीच्या जागी ‘बालीनश्टाट’ हे स्थलांतरितांचं संग्रहालय उभं आहे. म्हणजे त्याची आठवण अखेर शाही स्वीटच्या नावाने राहिली नाही, तळातल्या माणसांच्या नावाने राहिली.

हो, आत्याचं काय झालं? मी तिला सांगितलं की जहाज सी-सॉसारखं पुढेमागे डोलतं, मध्ये सर्वात कमी आणि टोकाला सर्वात जास्त. बाजूला कलतं तेव्हाही जेवढं उंच तेवढा झोका मोठा. आजच्या जहाजांना झोका कमी करायला पाण्याखाली पंख असतात, पण गणित तेच. काकांना बस लागते, मग बोट लागणारच. म्हणून लांबीच्या मध्यावर, खालच्या-मधल्या मजल्यावरची खोली घ्या. वर नाचाचा हॉल आणि खाली इंजिनरूम नाही ना, तेवढं नकाशात बघा. बाल्कनी छोटी असली तरी चालेल, पण स्वीट कितीही गोड असला तरी पुढच्या टोकाचा नको. आणि टोस्ट गार आला तर न लाजता सांगा. बालीनलाही ते आवडलं असतं.

आत्याने ऐकलं. काका चार दिवस दोन्ही वेळ पोटभर जेवले म्हणे. माझं सबमिशन मात्र अजून बाकी आहे.