पाचवी मागणी

सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या दोन सभा झाल्या, एक परळला आणि दुसरी भायखळ्याला. त्या सभांतून एक अर्ज तयार झाला आणि त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. अर्जात पाच मागण्या होत्या. रविवारी पूर्ण दिवस सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढाच कामाचा वेळ, आणि मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात पडावा, या पहिल्या चार. पाचवी मागणी मात्र निराळी होती. काम करताना गंभीर दुखापत झाली तर कामगार बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा आणि तो कायमचा जायबंदी झाला तर त्याच्या चरितार्थाची सोय व्हावी, असे तीत म्हटले होते.

या सभांमागे नारायण मेघाजी लोखंडे होते. आज त्यांचे नाव निघते ते बहुतेक वेळा रविवारच्या सुट्टीच्या निमित्ताने. ते योग्यच आहे. पण पाचव्या मागणीची आठवण फारशी कोणी काढत नाही, आणि वैद्यकाच्या व कायद्याच्या नजरेने पाहिले तर पाचांत तीच सर्वांत पुढची होती.

लोखंडे यांचा जन्म १८४८ चा. शिक्षण बेताचे. रेल्वे आणि टपाल खात्यात काही काळ नोकरी केल्यावर ते मांडवीच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. म्हणजे यंत्रावर उभे राहणारे कामगार ते नव्हते. सामानाचा हिशेब ठेवणारे होते. पण गिरणीच्या कोठारात बसणाऱ्याला सगळी खाती दिसतात. कुठला पट्टा तुटला, कुठले चाक बदलावे लागले, आणि त्या चाकापाशी काल काय घडले, हे तिथे लपत नाही. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते होते. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात सुरू केलेले आणि बंद पडलेले ‘दीनबंधु’ हे पत्र लोखंडे यांनी १८८० मध्ये मुंबईत पुन्हा चालू केले. गिरण्यांतले हाल छापून येण्याची जागा त्यामुळे तयार झाली.

त्या काळच्या गिरणीत माणूस जखमी कसा होई, हे समजण्यासाठी तिची रचना पाहावी लागते. प्रत्येक साच्याला स्वतंत्र मोटर नव्हती. एक मोठे वाफेचे इंजिन, त्यावरून फिरणारे लांबच लांब लोखंडी दांडे छताजवळ, आणि दांड्यांवरच्या चाकांवरून खाली प्रत्येक यंत्रापर्यंत आलेले चामड्याचे पट्टे. इंजिन चालू तोवर सगळे फिरतेच. घसरलेला पट्टा चालत्या चाकावर हाताने चढवायचा, दातेरी चाकांत अडकलेला कापूस बोटांनी काढायचा, यंत्र न थांबवता पुसायचे, हे रोजचे होते, कारण यंत्र थांबले की उत्पादन थांबे. धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर किंवा मोकळे केस पट्ट्यात सापडले की माणूस ओढला जाई. मागावरून निसटलेला धोटा डोळ्यावर बसे.

यात थकव्याचा वाटा मोठा. सूर्योदय ते सूर्यास्त हाच कामाचा दिवस असल्याने उन्हाळ्यात तो तेरा तासांच्याही पुढे जाई. थकलेल्या माणसाचे लक्ष ढळते, आणि धोका दिसल्यापासून हात मागे घेईपर्यंतचा क्षण लांबतो. दातेरी चाकापाशी तेवढा क्षण पुरतो. म्हणूनच त्या अर्जातल्या पहिल्या तीन मागण्या आणि पाचवी मागणी वेगळ्या नाहीत. सुट्टी, विश्रांती आणि कामाचे मोजके तास हे अपघात टाळण्याचे उपाय होते; पाचवी मागणी, तरीही अपघात झाला तर काय, याचे उत्तर मागत होती.

अपघात झाल्यावरचे चित्र अधिकच भीषण होते. प्रतिजैविके अजून साठ वर्षे दूर होती. चिरडलेल्या हातात वंगण, माती, कापसाचे तंतू शिरलेले असत. जखम चिघळली तर हात कापणे हाच मार्ग, आणि धनुर्वात झाला तर बहुधा तोही उरत नसे. जो जगला, त्याच्यापुढे प्रश्न पोटाचा. कोकणातून किंवा घाटावरून आलेल्या माणसाची मुंबईत मिळकत म्हणजे त्याचे दोन हातच.

मग कायदा काय म्हणत होता? १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्यानुसार, कोणाच्या चुकीने माणूस मेला तर त्याच्या घरच्यांना भरपाईचा दावा करता येई. पण चूक सिद्ध करायची जबाबदारी त्यांच्यावर. जिवंत राहिलेल्या जायबंदी कामगाराला दिवाणी दावा लावायचा तर इंग्लंडमधून आलेली तत्त्वे आडवी येण्याची भीती. त्यांतले एक १८३७ च्या एका इंग्रजी खटल्यातून रुजले होते : अपघात सोबतच्या कामगाराच्या चुकीने घडला असेल तर मालक जबाबदार नाही. दुसरे असे की, धोका माहीत असूनही कामावर आला म्हणजे त्याने तो पत्करला. तिसरे, त्याचा स्वतःचा थोडा जरी हलगर्जीपणा असेल तर दावा गेला. घसरलेला पट्टा हाताने चढवणाऱ्याला ही तिन्ही एकदम लागू करता येत. शिवाय वकील करायला पैसे कुठून आणायचे?

हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा. त्यात लहान मुलांच्या कामाचे तास ठरवले गेले, धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्याची आणि अपघात कळवण्याची तरतूद आली. पण तो शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांपुरता होता. प्रौढांच्या तासांबद्दल त्यात काही नव्हते आणि जखमीला पैशांची भरपाई तर नव्हतीच. त्यातल्या उणिवांचा विचार करायला मुंबई सरकारने १८८४ मध्ये आयोग नेमला. त्याच्यापुढे कामगारांचे म्हणणे जावे, म्हणून लोखंडे यांनी त्या दोन सभा घेतल्या.

त्याच साली स्थापन झालेल्या त्यांच्या बॉम्बे मिलहँड्स असोसिएशनला देशातली पहिली कामगार संघटना म्हटले जाते. काटेकोरपणे पाहिले तर ती आजच्या अर्थाने युनियन नव्हती. तिला वर्गणी नव्हती, नोंदलेले सभासद नव्हते, संपाचा निधी नव्हता. अर्ज, सभा आणि ‘दीनबंधु’ एवढीच तिची हत्यारे. शिवाय लोखंडे यांना एका अवघड जागेवरून बोलावे लागे. फॅक्टरी कायदा कडक व्हावा असे लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनाही वाटत होते, अर्थात हिंदी गिरण्यांची स्पर्धा रोखण्यासाठी. त्यामुळे कामगारांची बाजू घेणारा परक्यांच्या हिताचे बोलतो, असा आरोप करणे मुंबईच्या मालकांना सोपे जाई. हेतू कोणाचेही असोत, बोटे मात्र कामगाराची तुटत होती.

अर्जाला लगेच यश आले नाही. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रियांनीही तिथे भाषणे केली. त्यानंतर १० जून १८९० रोजी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षीच्या फॅक्टरी आयोगाच्या कामात मुंबईच्या कामगारांतर्फे लोखंडे यांना घेण्यात आले. १८९१ च्या सुधारित कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली, स्त्रियांचे काम अकरा तासांवर आले आणि पन्नास कामगारांचे कारखानेही कक्षेत आले. दुखापतीची भरपाई त्यातही आली नाही.

पुढे मुंबईत प्लेग आला. लोक शहर सोडून पळत होते, तेव्हा लोखंडे रुग्णांच्या सोयीत गुंतले होते. तोच आजार त्यांना झाला आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पन्नाशीही त्यांनी गाठली नव्हती. महिन्याभराने पुण्यात सावित्रीबाई फुले याच रोगाने गेल्या.

पाचवी मागणी कायद्यात आली ती १९२३ मध्ये, कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या रूपाने. काम करताना आणि कामामुळे इजा झाली असेल तर चूक मालकाची होती हे सिद्ध करण्याची गरज त्यात उरली नाही. सोबत्याच्या चुकीची ती इंग्रजी पळवाट दिवाणी दाव्यांतून काढायला मात्र १९३८ चा आणखी एक कायदा लागला. १९२३ च्या कायद्याला एक परिशिष्ट जोडले होते. कमाईची शक्ती किती गेली, हे त्यात टक्क्यांनी मांडले होते. उजवा हात कोपरापासून गेला तर ७०, डावा गेला तर ६०, एक डोळा ३०, अंगठा २५, तर्जनी १०. कापसाच्या तंतूंनी निकामी होणारी फुफ्फुसे मात्र त्या पहिल्या यादीत कुठेच नव्हती.

हा कायदा १ जुलै १९२४ रोजी लागू झाला. १८८४ च्या अर्जावर विशीत सही केलेला एखादा गिरणी कामगार तोवर हयात असता, तर साठीचा झाला असता.