सर हेन्री कोल आणि नाताळचें पहिलें कार्ड

डिसेंबर लागला, दिघोरीच्या शिवारांतील धान खळ्यावर आलें, कीं आमच्या मुलांच्या हातीं कात्र्या दिसूं लागतात. पाठीमागें निळें आकाश, त्यावर डोंगर, त्यावर झाडें व सर्वांत पुढें खिडकीची चौकट, असे कागदाचे तीनचार थर एकावर एक चिकटवून तीं नाताळचीं कार्डें करतात. दोन थरांमध्यें कागदाची बारीक घडी ठेविली म्हणजे पुढचा थर किंचित् उचलला जातो, त्याची सावली मागच्यावर पडते आणि सपाट कागदांत खोली भासते. खळ पातळ झाली तर कागद सुरकुततो, हें मात्र प्रत्येकजण एक कार्ड वायां घालवूनच शिकतो! हीं कार्डें धाडण्याची चाल ज्यांनीं पाडली, त्यांचें चरित्र वाचकांस थोडक्यांत सांगावें असें आम्हांस वाटतें.

हेन्री कोल यांचा जन्म १५ जुलै १८०८ रोजीं इंग्लंडांतील बाथ येथें झाला. ख्राइस्ट्स हॉस्पिटल या धर्मादाय शाळेंत शिकून ते वयाच्या पंधराव्या वर्षीं सरकारी दप्तराच्या कामावर लागले. शेंकडों वर्षांचे राजकीय कागद तेथें ओलसर कोठड्यांतून कुजत पडले होते, उंदीर ते कुरतडीत होते. कोल यांनीं हा गैरकारभार उघडकीस आणला व त्यापायीं त्यांची नोकरी गेली. पुढें चौकशी होऊन ते कामावर परत आले, आणि १८३८ च्या कायद्यानें त्या कागदांस सुरक्षित जागा मिळण्याची सोय झाली. चाकरीपेक्षां काम मोठें मानणारा मनुष्य विरळा. कोल हे त्यांपैकीं एक होत.

त्या काळीं इंग्लंडांत टपालहंशील अंतरावर व कागदांच्या संख्येवर आकारीत. एकाऐवजीं दोन कागद घातले कीं हंशील दुप्पट. आमच्या मुलांचें थरांचें कार्ड त्या वेळीं कोणा गरिबाच्या दारीं गेलें असतें, तर त्यानें तें न घेतांच परत केलें असतें. कारण बहुधा हंशील घेणाऱ्यानेंच भरावयाचें असे! रोलंड हिल यांनीं ही पद्धति मोडण्याची चळवळ केली, तींत कोल त्यांचे उजवे हात होते. १८४० पासून अर्ध्या औंसाचें पत्र देशांत कोठेंहि एका पेनीस जाऊं लागलें.

पत्रें स्वस्त झालीं आणि उत्तरांचें ओझें वाढलें! १८४३ च्या डिसेंबरांत कोल यांस इतक्या स्नेह्यांस स्वहस्तें लिहिण्यास सवड होईना. तेव्हां त्यांनीं जे. सी. हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक कार्ड काढविलें. मध्यें कुटुंब मेजवानीस बसलेलें. एका बाजूस भुकेल्यास अन्न, दुसऱ्या बाजूस उघड्यास वस्त्र. शिळाप्रेसवर सुमारें १००० प्रती छापून त्यांत रंग हातानेंच भरले, आणि पाठविणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या नांवासाठीं जागा कोरी ठेविली. चित्रांत लहान मुलाच्या ओठीं मद्याचा पेला लावलेला पाहून मद्यपाननिषेधक मंडळी संतापली, आणि आमच्या मतें तो राग अगदींच अस्थानीं नव्हता. शिवाय किंमत एक शिलिंग, म्हणजे बारा पत्रांचें हंशील! ज्यांस अन्नवस्त्र देण्याचें चित्र त्यावर होतें, त्यांस तें विकत घेणें शक्यच नव्हतें. रंगीत छपाई स्वस्त होऊन ही चाल घरोघर पोंचण्यास पुढें कित्येक वर्षें लागलीं.

१८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनांत कोल यांनीं अविश्रांत श्रम केले. नंतर १८५७ सालीं उघडलेल्या साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाचे ते प्रमुख झाले. दिवसभर राबणाऱ्या कामकऱ्यांस रात्रीं येतां यावें म्हणून तेथें त्यांनीं गॅसचे दिवे लावविले. त्याच संस्थेंत काम केलेले लॉकवुड किपलिंग १८६५ सालीं मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंत शिक्षक म्हणून आले, तेव्हां कोल यांच्या पद्धतीचा धागा आपल्या प्रांतापर्यंतहि पोंचला. १८७५ सालीं त्यांस सर ही पदवी मिळाली व १८८२ च्या एप्रिलांत लंडन येथें ते वारले. त्यांचें संग्रहालय आज व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट या नांवानें चालतें, आणि त्या पहिल्या कार्डाची एक प्रत तेथें जपून ठेविलेली आहे.