सयाजीराव महाराज : बडोदे आणि अमेरिका

श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड (तिसरे) यांच्या कामाची यादी बडोद्याच्या मराठी घरांत बहुतेकांना तोंडपाठ असते. सक्तीचे शिक्षण, कलाभवन, संगीतशाळा, बडोदा बँक. या यादीत एक गोष्ट मात्र सहसा येत नाही, ती म्हणजे महाराजांनी अमेरिकेशी जोडलेले नाते. हिंदुस्थानावर इंग्रजांचा अंमल असताना एका संस्थानाने सातासमुद्रापलीकडच्या स्वतंत्र देशातून माणसे बोलावली आणि आपला माणूस तिकडे शिकायला पाठवला. त्या येण्याजाण्याने बडोद्याला काय दिले आणि काय देता आले नाही, हे महाराजांच्या चरित्राच्या आधारे पाहण्यासारखे आहे.

महाराजांचा जन्म १८६३ सालचा, नाशिक जिल्ह्यातील मालेगावजवळच्या कवळाणे गावचा. मूळ नाव गोपाळराव. वडील काशीराव गायकवाड शेती करणारे. १८७५ साली इंग्रज सरकारने मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केले. त्यानंतर खंडेराव महाराजांच्या विधवा पत्नी महाराणी जमनाबाईंनी या मुलाला दत्तक घेतले आणि वयाच्या बाराव्या वर्षी तो गादीवर आला. तोवर त्याचे शिक्षण जवळजवळ झालेच नव्हते. अक्षरओळखीपासून इंग्रजी ग्रंथांपर्यंतची वाट त्याने इलियटसाहेबांच्या हाताखाली काही वर्षांत चालून काढली. डिसेंबर १८८१ मध्ये राज्याचा पूर्ण कारभार हाती आला तेव्हा महाराज अठरा वर्षांचे होते. उशिरा शिकायला मिळालेल्या माणसाला शिक्षणाची किंमत जितकी कळते, तितकी ती त्यांना आयुष्यभर कळत राहिली.

१८८७ पासून प्रकृतीच्या कारणाने त्यांचे युरोपचे प्रवास सुरू झाले. निमित्त औषधपाण्याचे असे, पण महाराज पाहून यायचे शाळा, संग्रहालये आणि कारखाने. हे प्रवास इंग्रज सरकारला रुचत नव्हते. १९०० साली लॉर्ड कर्झनने संस्थानिकांच्या परदेशगमनावर बंधने आणणारे परिपत्रक काढले. आपल्या जाण्यायेण्यावर दुसऱ्याची परवानगी असावी, हे महाराजांना फार लागले.

१९०६ साली ते अटलांटिक ओलांडून प्रथमच अमेरिकेला गेले. सोबत महाराणी चिमणाबाई आणि बंधू संपतराव होते. तिथे त्यांचे लक्ष सार्वजनिक ग्रंथालयांनी वेधून घेतले. लहान गावातही ग्रंथालय असते, ते लोकांच्या करातून चालते आणि मजुरालाही तिथून पुस्तक घरी नेता येते, हे त्यांनी पाहिले.

या पाहण्याला बडोद्यात एक नेमकी गरज होती. १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला होता आणि १९०६ साली तो सगळ्या संस्थानात लागू झाला. आता खेड्यातली मुले चार इयत्ता शिकून बाहेर पडणार होती. पण गावात वाचायला काही नसेल तर काही वर्षांत ती लिहिणे-वाचणे विसरणार. मग शाळेवरचा खर्च पाण्यातच. शाळेच्या पुढची पायरी ग्रंथालय, हे महाराजांच्या मनाने घेतले.

या सुमारास राल्फ व्हाइटनॅक नावाचे एक अमेरिकी अर्थतज्ज्ञ संस्थानच्या सेवेत होते. १९०८ मध्ये बडोदा बँक स्थापन झाली, त्या कामात त्यांचाही सहभाग होता. १९१० साली महाराजांनी आणखी एका अमेरिकी गृहस्थाला बोलावले. विल्यम अॅलन्सन बोर्डन हे कनेक्टिकटमधील न्यू हेवन शहरातले ग्रंथपाल. पन्नाशी उलटलेले हे गृहस्थ बडोद्याला आले आणि तीन वर्षांत त्यांनी ग्रंथालयांचे स्वतंत्र खातेच उभे केले. महाराजांनी राजवाड्यातली सुमारे वीस हजार पुस्तके मध्यवर्ती ग्रंथालयाला देऊन टाकली. कटर आणि ड्युई या दोन अमेरिकी ग्रंथपालांच्या पद्धतींची सांगड घालून बोर्डन यांनी बडोद्यासाठी वेगळी वर्गीकरणपद्धत बसवली. १९११ मध्ये ग्रंथपालनाचा वर्ग सुरू केला. १९१२ मध्ये ग्रंथालयांना वाहिलेले एक त्रैमासिक निघाले, त्यात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठी मजकूरही असे.

मात्र अमेरिकेतला आराखडा जसाच्या तसा इथे लावला गेला नाही. गावागावांत वाचनालये काढण्याचे काम मोतीभाई अमीन यांनी आधीच हाती घेतले होते आणि त्यांनाच या खात्यात घेतले गेले. गावाने जेवढी वर्गणी जमवावी तेवढीच रक्कम पंचायतीने द्यायची आणि तेवढीच सरकारने, असा नियम झाला. जिथे वाचनालय नव्हते तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या फिरू लागल्या. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी चित्रपट आणि मॅजिक लँटर्नचे खेळ होऊ लागले. हिंदुस्थानात इतक्या पद्धतशीरपणे सरकारी ग्रंथालये उभी राहण्याचे हे पहिले उदाहरण मानले जाते.

१९१३ साली बोर्डन मायदेशी परतले. त्याच वर्षी उलट दिशेने एक तरुण निघाला. भीमराव रामजी आंबेडकर. बी.ए.च्या शिक्षणासाठी महाराजांनी त्यांना आधीच शिष्यवृत्ती दिली होती. आता न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षांची, महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले, १९१५ मध्ये एम.ए. झाले, पुढे लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. महायुद्ध चालू होते. त्यांची पुस्तके ज्या जहाजाने येत होती ते पाणतीराने बुडवले.

करार पाळायला ते सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्यात आले. हुद्दा मोठा होता, पण या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. कचेरीतले शिपाई कागद दुरून टाकत. नाव बदलून ते एका पारशी विश्रामगृहात उतरले. जात कळताच लाठ्या घेऊन जमाव आला आणि त्यांना तिथून निघावे लागले. ओळखीच्या हिंदू आणि ख्रिस्ती मित्रांनीही अडचण सांगितली. संस्थानाकडूनही सोय झाली नाही. अकरा दिवसांत सारे संपले. त्या दिवशी ते कमाटीबागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले. ती बाग महाराजांच्याच काळात लोकांसाठी उभारलेली होती.

महाराजांचा हेतू खोटा होता असे कोणी म्हणणार नाही. अस्पृश्य मुलांच्या शाळा त्यांनी राज्यकारभार हाती येताच सुरू केल्या होत्या. तिथे शिकवायला सवर्ण शिक्षक तयार होईनात, तेव्हा मुसलमान आणि पुढे आर्यसमाजी शिक्षक नेमून त्या चालवल्या. हुकूम काढून शाळा उघडता आली, ग्रंथपाल आणता आला, विद्यार्थी महासागरापलीकडे पाठवता आला. पण भाड्याने खोली द्यायची की नाही, हे बडोदेकरांच्या हातात होते आणि आपल्या शहराने ती दिली नाही.

डॉ. आंबेडकरांनी महाराजांचे ऋण मात्र मनात ठेवले. कोलंबियाच्या पदवीसाठी लिहिलेला प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला, तो महाराजांना अर्पण केलेला आहे. १९३० साली लंडनच्या गोलमेज परिषदेत दोघेही सदस्य होते, एक संस्थानिक म्हणून आणि दुसरे अस्पृश्य समाजाचे प्रतिनिधी म्हणून. १९३३ साली सत्तरीत असलेले महाराज शिकागोच्या सर्वधर्म परिषदेसाठी पुन्हा अमेरिकेला गेले. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

बाहेरगावचे पाहुणे आले की आपण त्यांना मांडवीचे मध्यवर्ती ग्रंथालय दाखवतो. तिथली लोखंडी मांडणी आणि काचेचे मजले पाहून ते थक्क होतात आणि आपल्याला अभिमान वाटतो. तो वाटावाच. पण तिथून निघाल्यावर पाहुण्यांना सयाजीबागेतल्या संकल्पभूमीवरही न्यावे, वडाखाली थोडे थांबावे आणि १९१७ची हकिकत बरोबरच्या मुलांना पूर्ण सांगावी. महाराजांचे चरित्र सांगताना ही दोन्ही ठिकाणे यायला हवीत.