विश्लेषण : खिडकीची काच ५जी का अडवते? जगदीशचंद्र बोस यांनी १८९७ मध्ये काय मोजले होते?

घरातला ५जी अँटेना खिडकीशी ठेवला तरी रेंज घसरते आणि तावदान उघडताच सुधारते, असा अनुभव अनेकांना येतो. काच पारदर्शक असते ती प्रकाशासाठी. रेडिओ लहरींचा हिशेब वेगळा आहे आणि तो कोलकात्यातील एका प्राध्यापकाने सव्वाशे वर्षांपूर्वीच मांडला होता.

पगार का नाकारला?

जगदीशचंद्र बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी आजच्या बांगलादेशात झाला. वडील सरकारी अधिकारी, तरी मुलाला त्यांनी आधी बंगाली शाळेत घातले. वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला गेलेले बोस आजारपणामुळे तो अभ्यास सोडून केंब्रिजला गेले आणि तिथे लॉर्ड रॅले यांचे विद्यार्थी झाले. १८८५ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात नोकरी मिळाली, पण युरोपीय प्राध्यापकांपेक्षा कमी पगारावर. बोस यांनी तीन वर्षे शिकवले, पगाराला हात लावला नाही. अखेर पूर्ण वेतन थकबाकीसह मिळाले. धड प्रयोगशाळा मात्र मिळाली नाही. एका लहानशा खोलीत, स्थानिक कारागिराकडून उपकरणे घडवून घेत, पदरचे पैसे घालून त्यांनी संशोधन सुरू केले.

लहरी आखूड का केल्या?

हर्ट्झ यांनी १८८८ मध्ये रेडिओ लहरींचे अपवर्तन दाखवले. लहर सुमारे ६६ सेंटिमीटर लांब, त्यामुळे डांबराचा लोलक अर्ध्या टनाहून जड करावा लागला. बोस यांनी लहरच ५ ते २५ मिलिमीटरवर आणली आणि सगळा प्रयोग टेबलावर मावला. भारतात २०२२ मध्ये लिलाव झालेल्या २६ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील लहर साधारण साडेअकरा मिलिमीटरची असते, म्हणजे बोस यांच्याच टप्प्यातली.

कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी भिंतींपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवली, बंदुकीची दारू पेटवली. लोक थक्क झाले. पण घंटा वाजली म्हणजे सगळी ऊर्जा पोहोचली, असे नव्हे.

काचेत नेमके काय घडते?

काचेचे अर्धदंडगोल घेऊन, कोणत्या कोनात लहर काचेबाहेर पडेनाशी होते, हे बोस यांनी मोजले. प्रकाशासाठी काचेचा अपवर्तनांक दीडच्या आसपास असतो. त्यांच्या लहरींसाठी तो दोनच्या थोडा वर निघाला. १८९७ मध्ये हे निष्कर्ष रॉयल सोसायटीने छापले. फरक किरकोळ वाटतो, पण समोरून येणाऱ्या ऊर्जेपैकी दीडला काचेच्या एका पृष्ठभागावरून ४ टक्के परतते, दोनला ११ टक्के. दुहेरी तावदानाला असे चार पृष्ठभाग. शिवाय काच काही ऊर्जा शोषते ती वेगळीच.

खरा अडथळा मात्र धातूचा. बोस यांनी ब्रॅडशॉच्या रेल्वे वेळापत्रकाच्या पानांमध्ये कथिलाचे वर्ख घातले होते. पुस्तक एका बाजूने धरले की लहर आरपार, ९० अंशांत फिरवले की बंद! उष्णता रोखणाऱ्या आजच्या ‘लो-ई’ काचेवर धातूचा अतिशय पातळ थर सलग पसरलेला असतो. तिथे पुस्तक फिरवण्याची सोय नाही. बहुतांश लहर बाहेरच परतते. म्हणून अशा इमारतींत अँटेना काचेबाहेर लावावा लागतो. काही रेल्वेडब्यांच्या काचांवर या थरात बारीक रेघा कोरून लहरींना वाट करून दिली जाते.

पेटंटचे काय झाले?

बोस यांना शोधाचे पैसे करणे मान्य नव्हते. सारा बुल आणि भगिनी निवेदिता यांच्या आग्रहामुळे १९०१ मध्ये त्यांच्या गॅलिना शोधकासाठी अमेरिकेत अर्ज झाला, १९०४ मध्ये पेटंट मिळालेही. त्यांनी ते तसेच संपू दिले. दूरसंदेशाचा व्यवसाय मार्कोनी यांच्याकडे गेला होता आणि बोस एव्हाना वनस्पतींच्या प्रतिसादाकडे वळले होते. मिलिमीटर लहरींना तेव्हा गिऱ्हाईकच नव्हते, हेही खरे.

१९१७ मध्ये त्यांनी कोलकात्यात बोस इन्स्टिट्यूट स्थापन केली. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले. त्यांची उपकरणे संस्थेच्या संग्रहालयात आजही आहेत.