साच्याचा हिशेब मांडणारा इंजिनिअर : पिएर लुइजी नेर्वी

बेळगाव असो की इंदूर, घराचा स्लॅब टाकायचा म्हटलं की आधी सेंट्रिंगवाला येतो. फळ्या, प्लेटा, टेकू उभे राहतात, काँक्रीट पडतं, ते घट्ट झालं की सगळं खोलून पुढच्या घराला जातं. सपाट स्लॅबला हे परवडतं. छत वक्र असलं की मात्र गणित फिसकटतं. आधी अख्खं छत लाकडात बांधायचं, मग काँक्रीटमध्ये, आणि लाकडातलं मोडून टाकायचं. इटलीचे इंजिनिअर पिएर लुइजी नेर्वी यांचं आयुष्य हाच दुहेरी खर्च टाळण्यात गेलं.

नेर्वी यांचा जन्म २१ जून १८९१ रोजी उत्तर इटलीतल्या सोंद्रिओचा. १९१३ मध्ये बोलोन्यातून ते इंजिनिअर झाले. ते नुसते नकाशे काढणारे नव्हते, स्वतः ठेकेदारही होते. त्यामुळे कागदावरची प्रत्येक रेघ साइटवर केवढ्याला पडते, हे त्यांना पक्कं ठाऊक असायचं. १९३०च्या सुमारास त्यांनी बांधलेल्या फ्लॉरेन्सच्या स्टेडियममुळे त्यांचं नाव झालं.

पुढे इटलीच्या हवाई दलासाठी विमानांच्या मोठ्या शेड बांधायचं काम आलं. ऑर्व्हिएतोची पहिली शेड सुमारे १०० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद होती, तिच्या छतात तिरप्या कमानींची जाळी. हे छत जागेवरच ओतलं, आणि त्यासाठी लाकडाचं जंगलच उभं करावं लागलं. देशात तर लाकूड आणि लोखंड दोन्हींची टंचाई. म्हणून १९३९ नंतरच्या सहा शेडसाठी त्यांनी कमानींचे तुकडे जमिनीवरच ओतून घेतले, वर चढवले आणि सांधले.

१९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने या सहाही शेड सुरुंग लावून पाडल्या. कुणीही खचला असता. पण ढिगाऱ्यात पाहिलं तर बहुतेक सांधे शाबूत होते. तुकडे जोडून केलेलं छत एकसंध छतासारखंच टिकतं, याचा पुरावा असा हाती आला.

त्याच काळात त्यांनी फेरोसिमेंट विकसित केलं. बारीक तारेच्या जाळीचे थर एकावर एक ठेवायचे आणि त्यात सिमेंटचा माल थापीने दाबून भरायचा. या मालातून त्यांनी १६५ टनांचं एक जहाजसुद्धा बांधलं. त्याच्या भिंतीची जाडी अवघी साडेतीन सेंटीमीटर! नंतर तूरिनच्या प्रदर्शन हॉलचं भलंमोठं छतही याच पद्धतीच्या लाटेसारख्या तुकड्यांनी झालं.

रोमच्या पालाझेत्तो देल्लो स्पोर्त या क्रीडागृहात ही युक्ती पूर्णत्वाला गेली. वास्तुविशारद आन्निबाले व्हितेल्लोत्सी यांच्यासोबत केलेलं हे काम १९५७ मध्ये संपलं. सुमारे ६० मीटर व्यासाचा घुमट, आणि त्यात १,६२० तुकडे. आधी घुमटाच्या वळणाचा खरा नमुना जमिनीवर बनवला, त्यावरून साचे काढले, आणि एकेका साच्यातून अनेक तुकडे घेतले. ते वर मांडल्यावर मधल्या फटींत सळ्या टाकून काँक्रीट भरलं. म्हणजे तुकडे छतही झाले आणि सेंट्रिंगही. काढून फेकायचं काही उरलंच नाही. १९६० च्या ऑलिंपिकचे सामने याच घुमटाखाली रंगले.

या पद्धतीला दोन मर्यादा होत्या. साचा परवडायला तोच तुकडा पुन्हा पुन्हा लागायचा, त्यामुळे आकार ठरावीकच. आणि जाळी बसवून माल थापायला कुशल हात भरपूर लागत. इटलीत मजुरी वाढली तशी ही पद्धत महाग पडू लागली. ९ जानेवारी १९७९ रोजी रोममध्ये नेर्वी गेले, तोवर तिचा जोर ओसरला होता.

आज त्या दोन्ही अडचणींवर यंत्रं काम करताहेत. संगणकावरून चालणारी मशीन फोममधून साचा कोरते. दुसऱ्या प्रकारात लवचीक पत्र्याखाली खिळ्यांसारख्या दांड्यांची रांग असते. संगणक प्रत्येक दांडी हवी तेवढी वर-खाली करतो आणि साच्याला वळण येतं. पॅनेल निघालं की तोच साचा दुसरं वळण घेतो. आता प्रत्येक तुकडा वेगळा असला तरी चालतं. पण कारखान्यात आजही पहिला प्रश्न नेर्वींचाच असतो : हा साचा किती वेळा कामाला येणार?